बटणचं पोट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला बिघाडाशिवाय बोलताच येत नसे. कंपनीतले सोबती म्हणत, "याच्याशी गप्पा मारायच्या तर आधी काहीतरी मोडा." घरीही तीच गत. नळ गळत असला की बायकोशी तासभर बोलेल. सगळं ठीक असलं की मुकाट जेवून उठेल.

सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं म्हणून बायको त्यांच्याकडे राहायला गेली. हाड जुळलं, सासूबाई काठी टेकत हिंडूफिरू लागल्या, तरी ती परतली नाही. "कधी येतेस?" हे दोन शब्द त्याच्या जिभेपर्यंत यायचे आणि दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकावी तसे अडकायचे. फोनवर तो विचारी, "बरं आहे ना?" ती म्हणे, "बरं आहे." संपलं.

अशात बटणचं पोट बिघडलं. बटण म्हणजे बायकोनं जिन्यातून उचलून आणलेलं मांजरीचं पिल्लू. सकाळी ते ओकलं, वर जुलाब. त्यानं हत्यारांची पिशवी रिकामी केली, आत टॉवेल घातला आणि पिल्लाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"एवढ्याशा जिवाचं पोट बिघडायला काहीही पुरतं," पोट चाचपत बाई म्हणाल्या. "जंत असतील, दूध सोसत नसेल, खाणं एकदम बदललं असेल. दोरा, रबर गिळलं असेल, नाहीतर कुंडीतलं एखादं पान. आत्ता तरतरीत आहे, जंताचं औषध देते. पण सुस्त पडली किंवा पुन्हा ओकली तर तशीच उचलून आणा. आधी काय खायची?"

त्याला कुठे माहीत! बायकोला फोन करणं भाग होतं.

"दूध?" ती किंचाळली. "अहो, मी कधी तिला दूध दिलं होतं?"

"मांजराला दूध नाही तर काय, चहा पाजू?"

ती खळखळून हसली. ते हसू त्याच्या कानात दिवसभर राहिलं. "उकडलेली कोंबडी, बिनमिठाची, बारीक करून," तिनं बजावलं.

दूध बंद झालं आणि बटणचं पोट ताळ्यावर आलं. बायकोला मात्र त्यानं ते सांगितलं नाही. कामातला नियम मदतीला धावून आला: एकदम दोन वायरी हलवायच्या नाहीत, एक कारण तपासायचं, मग दुसरं. एका संध्याकाळी त्यानं दोऱ्याची चौकशी केली. शिवणाचा डबा कुठे असतो? डब्यावरून ती अर्धवट शिवलेल्या अभ्र्यावर गेली, तिथून शेजारणीच्या भांडणावर. पुढच्या फोनला कुंडीतली पानं झाली, मग रबर. कारणं संपत आली तसा तो घरभर नवं कारण हुडकू लागला.

"भिंतीचा रंग चाटला असेल का गं?"

"व्हिडिओ लावा. बघू दे मला."

त्यानं लावला. बटण खिडकीच्या पडद्याला लोंबकळून झोके घेत होती.

"ही आजारी?"

"नाही."

"कधीपासून बरी आहे?"

"दूध बंद केलं तेव्हापासून."

"मग हे दोरे, पानं, भिंती काय लावलंय?"

तो एकदाचा म्हणाला, "बरं आहे म्हटलं की तू फोन ठेवतेस."

"मी ठेवते? तुम्ही ठेवता!"

पडदा टरकन फाटला. त्यानं तिकडे लक्षही दिलं नाही.

"फोन वळवा जरा," ती हळूच म्हणाली. "नुसतं मांजर दिसतंय. तुम्ही कुठे दिसताय?"

त्यानं फोन वळवला आणि उगाच केसांवरून हात फिरवला.

"वाळलात की हो! काय खाताय काय?"

तो सांगू लागला. भात रोज खाली लागतो, वरून कच्चाच राहतो, इथपासून.