लोकरीच्या दुकानाचं मार्केटिंग मी सोपं केलं

छोट्या दुकानदारांचं मार्केटिंग आम्ही सोपं करून देतो. आमच्या कंपनीचं काम या एका ओळीत सांगून व्हायचं. डब्लिनबाहेरच्या सिटीवेस्टच्या ऑफिसात ती भिंतीवर रंगवलेली होती. मार्च २०२०मध्ये ऑफिस बंद झालं आणि मी तीच ओळ भाड्याच्या खोलीतून, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, दिवसभर फोनवर म्हणायला लागले. मी नागपूरची. डब्लिनला एमएस्सी केलं आणि पहिली मिळाली ती नोकरी धरली. वर्क परमिट त्याच कंपनीच्या नावावर होतं.

एप्रिलमध्ये उत्तरेकडच्या डंडॉक गावाहून एका बाईंचा फोन आला. वय सत्तरीच्या आसपास, लोकरीचं दुकान, नवरा गेल्यापासून एकट्याच चालवत होत्या. दुकान उघडायला बंदी होती आणि आत लोकर भरलेली होती.

"आत्तापर्यंत मार्केटिंग कसं करत होतात?" मी विचारलं.

"तसलं मी काही करत नाही गं," त्या म्हणाल्या. मग हळूहळू सांगितलं. नवीन स्वेटर विणून झाला की काचेत लावायचा. चर्चच्या पत्रकात चार ओळींची जाहिरात असायची. आणि एक वही होती. तिच्यात गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि प्रत्येक नंबरापुढे कोण काय विणतंय ते. कुणाला नात होणार आहे, कुणाचं ब्लँकेट निम्म्यावर अडलंय. जिच्या कामाची लोकर दुकानात आली, तिला त्या स्वतः फोन करायच्या.

आज मला कळतं की त्या बाईंना मार्केटिंग माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. तेव्हा मी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे फार पसरलंय. तुम्ही दोनच गोष्टी करा. आपण इंटरनेटवर एक पान बनवू, त्यावर लोकर दिसेल आणि तिथूनच ऑर्डर घेता येईल. आणि आठवड्याला एक ईमेल. बाकी सगळं सोडून द्या."

"आणि अडलं तर?"

"मला फोन करायचा. मी आहे ना."

वहीच्या पानांचे फोटो त्यांनी मला पाठवले. फोन करून प्रत्येकीचा ईमेल पत्ता विचारून घेतला आणि सगळी नावं मी आमच्या सिस्टिममध्ये चढवली. कोण काय विणतंय ते टाकायला तिथे रकानाच नव्हता, म्हणून ते सोडलं. पहिली ईमेल लिहायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला प्रत्येकीला वेगळं लिहायचंय."

"एवढं करायची गरज नाही. सगळ्यांना एकच जाऊ दे, एका क्लिकमध्ये जाते."

त्यांनी ऐकलं. माझं त्या सगळंच ऐकत असत.

त्या उन्हाळ्यात घरात अडकलेल्या बायका विणायला बसल्या. कॉर्कहून, गॉलवेहून ऑर्डरी यायला लागल्या. बाई स्वतः पार्सलं बांधून पोस्टात नेऊन द्यायच्या. दर शुक्रवारी मला फोन यायचा. कामाचं पाच मिनिटं बोलणं व्हायचं आणि मग माझी चौकशी. जेवलीस का, आई कशी आहे, तिकडे साथ फार आहे म्हणतात. त्या वर्षी माझी नीट चौकशी करणाऱ्या या देशात त्या एकट्याच होत्या, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

माझा मॅनेजर ठाण्याचा, दहाएक वर्षं इकडे असलेला. एरवी इंग्रजीत बोलायचा. काही गळी उतरवायचं असलं की मराठीवर यायचा. तो म्हणाला, "अगं, ही बाई म्हणजे सोनं आहे. फोटो मागव तिचा." तो फोटो मी मागवला. लोकरीच्या ढिगापुढे अवघडून उभ्या असलेल्या बाई आमच्या प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर गेल्या. खाली लिहिलं होतं, बघा किती सोपं झालं.

सप्टेंबरमध्ये कंपनीचा नवीन नियम आला. छोट्या गिऱ्हाइकांना यापुढे फोनवर मदत नाही. त्यांना हेल्प पेजची लिंक पाठवायची. बाईंना मी हे कळवलं नाही. शुक्रवारचे फोन घेत राहिले, फक्त बोलणं आवरतं घेऊ लागले.

नोव्हेंबरमध्ये दुकानं पुन्हा बंद होती. ख्रिसमसची लोकर घ्यायची ती वेळ. बाईंनी जुन्या-नव्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकच ईमेल एका क्लिकमध्ये पाठवली, मी शिकवली होती तशी. इतक्या ईमेल एकदम गेलेल्या पाहून सिस्टिमला संशय आला आणि तिने खातं बंद केलं. पान गेलं. सात महिन्यांत जोडलेल्या गिऱ्हाइकांचे पत्ते गेले. ते वहीत नव्हतेच. वही सोडा असं मीच सांगितलं होतं.

त्यांनी मला फोन केला. मी मॅनेजरला विचारलं.

"लिंक पाठव," तो म्हणाला.

"सत्तरीच्या बाई आहेत. लिंकवर नऊ पायऱ्या आहेत. माझ्याकडे अजून अनलॉकचं बटण आहे, एका मिनिटाचं काम आहे."

"बटण आहे ते काढायचं राहिलंय म्हणून. दाबलंस तर नोंद होईल." मग तो मराठीवर आला. "हे बघ, तुझं परमिट जानेवारीत रिन्यू करायचंय. प्रमोशनसाठी तुझं नाव मीच दिलंय. कशाला नसत्या भानगडीत पडतेस?"

मी लिंक पाठवली. बाईंचा पुन्हा फोन आला. मी तो वाजू दिला. दुसऱ्या दिवशी दोनदा आला. फोन पालथा घालून मी चहा करायला गेले. बटण त्या आठवड्यात माझ्या स्क्रीनवर रोज दिसत होतं. मी घाबरले होते हे खरं आहे. पण घाबरलेल्या माणसालाही बोट हलवता येतं.

अकरा दिवसांनी खातं आपोआप उघडलं. कारण कुणी कळवलं नाही. डिसेंबर संपायच्या आत बाईंनी ते कायमचं बंद केलं. जानेवारीत माझं परमिट झालं, प्रमोशनही झालं. घरी पेढे वाटले हे सांगायला आईने फोन केला.

जुलै २०२१मध्ये मी ट्रेनने डंडॉकला गेले. दुकान उघडं होतं. बाई फोटोत वाटल्या त्याहून ठेंगण्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर काउंटरच्या मागून बाहेर आल्या आणि माझे दोन्ही हात धरले.

"तू बरी आहेस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुला कोविड झाला. फोन उचलत नव्हतीस. असं न सांगता गप्प बसणारी मुलगी नाही ही, म्हटलं. महिनाभर तुझ्यासाठी मेणबत्ती लावत होते."

हो म्हणून टाकावं असं एक क्षण वाटलं. आजारी होते म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं.

"मी आजारी नव्हते," मी म्हणाले. "फोन उचलू नका असं कंपनीने आम्हाला सांगितलं होतं. आणि तुमचं खातं मला उघडता येत होतं."

त्यांनी हात सोडले, पण झटकले नाहीत. काउंटरमागे जाऊन त्या लोकरीचे गुंडे रंगाप्रमाणे लावायला लागल्या. मग म्हणाल्या, "ग्रँड." इथली माणसं सगळं ठीक असलं तरी हेच म्हणतात आणि विषय संपवायचा असला तरी हेच.

"कॉर्कची एक मुलगी होती," त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. "बाळाच्या बाप्तिस्म्याची शाल विणत होती. निम्मी लोकर पाठवली होती, निम्मी राहिली. तिचा पत्ता तुमच्या सिस्टिममध्ये होता. पुढे पान उघडलं तेव्हा बाप्तिस्मा होऊन गेला होता. मी किती वाईट बाई आहे ते तिने लिहून कळवलं."

एक गिऱ्हाईक आलं आणि बाई त्याच्याशी सुयांच्या मापाबद्दल बोलायला लागल्या. मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"माझा फोटो तेवढा काढून टाक."

परतीच्या ट्रेनमध्ये लॅपटॉप उघडून मी तो काढला. कुणाला विचारलं नाही. सोमवारी मॅनेजरच्या लक्षात आलं, पण तो रागावला नाही. "बरंच झालं, जुनाच झाला होता," असं म्हणून त्याने तिथे एका खाटकाचा फोटो लावला. त्या खाटकाचं खातं माझ्याच यादीत होतं. मी पुढे वर्षभर तिथेच नोकरी केली.