साडूभाऊंची बैलगाडी

काम वेळेवर पुरं करणाऱ्या माणसाविषयी आमच्या साडूभाऊंच्या मनात जेवढा संशय होता, तेवढा पोलिसांच्या मनात चोराविषयीही नसेल. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. वाटूरच्या फाट्यावर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथं टाकलेली सायकल आज मिळेल या आशेवर थांबलेली माणसं शेवटी पायी गावाला जात. पण माझा विषय सायकलींचा नाही. साडूभाऊंचा खरा जीव होता तो लाकडाच्या चिमुकल्या वस्तूंत. जालन्याच्या बाजारात त्या काळी खोक्यात बंद केलेले, पातळ प्लायवुडचे कापलेले तुकडे मिळत. ते रंगवायचे, खाचेत खाच घालून जोडायचे, की त्यांची बैलगाडी, रहाट किंवा तुळशीवृंदावन तयार. एकदा मेव्हण्याच्या मुलीच्या रुखवतासाठी त्यांनी असं एक खोकं आणलं आणि तेव्हापासून नात्यातल्या प्रत्येक नवरीच्या रुखवतात आपल्या हातची एक वस्तू असलीच पाहिजे, हा त्यांनी नेमच धरला.

खोक्यात एक कागद असे. कुठला तुकडा कुठं बसवायचा ते त्यावर चित्रं काढून सांगितलेलं असे. साडूभाऊ तो कागद उघडून एकदा तुच्छतेनं पाहत आणि त्याच्यावर रंगाचा डबा ठेवत. "हे काढणाऱ्यानं जन्मात कधी गाडी हाकली का?" असा त्यांचा सवाल. मग ते कानस घेऊन चाकं बारीक करत, गाडीची बैठक म्हणजे साटी निमुळती करत. रंग द्यायचा तर तो तुकड्याच्या दोन्ही अंगांना, कडांना आणि खाचांच्या आतही. मी एकदा म्हटलं, "साडूभाऊ, खाचेत कोण बघतंय?" त्यांनी कुंचला थांबवला आणि म्हणाले, "का? बैल काय खालून पाह्यत न्हाई का गाडीकडं?" आता खाचेत सायकलीच्या मडगार्डाचा ऑइलपेंट भरला की तिच्यात दुसरा तुकडा जाणार कसा? तो जात नसे. मग पॉलिश पेपरनं घासणं आलं. घासल्यावर रंग जाई, रंग गेला की त्यांना झोप लागत नसे, म्हणून पुन्हा रंग, आणि पुन्हा तुकडा बसेना. त्यात महिने जात.

त्यामुळं त्यांची वस्तू रुखवताच्या टेबलावर वेळेत पोचल्याचं कुणाला आठवत नाही. वडीगोद्रीच्या एका लग्नात तर पाठवणीची जीप सुरू झाली, तेव्हा हे तुळशीवृंदावन दोन्ही हातांत धरून पळत आले आणि ते खिडकीतून नवरदेवाच्या मांडीवर ठेवलं. रंग ओला होता. नवरदेव सासरी पहिल्यांदा परतला तोही तेच पांढरे कपडे घालून, हिरव्या डागासकट. त्याला आमच्याकडं अजून 'हिरवे जावई' म्हणतात. कुणी रागावलं नाही. साडूभाऊंच्या वस्तूचा डाग हा लग्नातला शकुनच मानायची सवय लोकांना लागली होती.

त्यांना एकच मुलगी, शोभा. तिच्या रुखवताला उशीर होऊ द्यायचा नाही, असं मात्र त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं. ती नववीत असतानाच त्यांनी सगळ्यांत मोठं खोकं आणलं. बैलगाडी, तिला जू, जुवाच्या खुंट्या म्हणजे शिवळा, मागं गवताचा भारा, सगळं होतं त्यात. ती गाडी त्यांनी किती वेळा रंगवली आणि किती वेळा खरवडली याला सुमार नाही. शेवटी तीर्थपुरीचं स्थळ जमलं, साखरपुड्याची तारीख ठरली. लग्न उन्हाळ्यात होतं. साडूभाऊ खुशीत होते. "पहिल्या डावाला आपलं काम टायमावर हाय," ते मला म्हणाले. साखरपुड्याच्या सकाळीच अखेरचा हात देऊन त्यांनी सगळे तुकडे गच्चीवर वाळत घातले होते.

पण आमच्याकडं साखरपुड्याचा भरवसा नसतो. नवरीची ओटी भरून झाली, चहा झाला, आणि मुलाचा चुलता उठून म्हणाला, "पाव्हणे, सगळे जमलोच हाव, तं हळद लावून लगीनच उरकून टाकू. दोन दोन खर्चे कशाला?" चार म्हातारी माणसं लगेच 'बराबर हाय' म्हणाली. सगळे मुलीच्या बापाकडं पाहू लागले. साडूभाऊंनी एकदा जिन्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "हौ, करा की." ते तीन शब्द त्यांना केवढ्याला पडले ते मला दिसलं, कारण मी शेजारीच बसलो होतो. पुढचा तास आम्ही पाचसहा पाहुणे गच्चीवर गाडी जोडत होतो. रंग ओला, खाचा गच्च भरलेल्या, आणि जोडणाऱ्यांना जू कुठलं नि दांडी कुठली तेही कळेना. माझ्या हातून एक शिवळ पाहुण्यांच्या डाळीच्या पातेल्यात पडली. खाली मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा साडूभाऊ म्हणाले, "राहू द्या आता." शोभा सासरी गेली ती बिस्किटांच्या डब्यात बापाची बैलगाडी सुटी घेऊन.

ती जोडायला ते महिन्याभरानं तीर्थपुरीला गेले. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, म्हणून स्वतःची पाण्याची बाटली घेऊन गेले. दिवसभर बसून गाडी उभी केली आणि परत आले. पंधरा दिवसांत तिकडून बाजाराला आलेल्या माणसाबरोबर, बापाला दादा म्हणणाऱ्या शोभाचा निरोप आला, "दादाला सांगा, चाक निघालं." हे पुन्हा गेले. मग दांडी निघाली. मग पुन्हा चाक. सरस झाला, बाभळीचा डिंक झाला, पंक्चरचं सोलुशनसुद्धा झालं. काही टिकेना. नातू झाला, पाण्याचा नेम सुटला, तरी चाक सुटायचं थांबेना.

गंमत वाटावी अशीच ती गोष्ट होती आणि आम्ही त्यांना चिडवतही असू. पण एक दिवस भाच्याच्या मुलीच्या लग्नासाठी रहाट करा म्हणून मी सांगायला गेलो, तर त्यांनी मानच हलवली. रंगाचे डबे दुकानात दिसेनात. "सोडलं मी ते," ते म्हणाले. "सोताच्या लेकीच्या घरी ज्याची गाडी टिकत न्हाई, त्यानं दुसऱ्याच्या लेकीला काय द्यावं?" मी खूप समजावलं. त्यांनी पुन्हा कुंचला धरला नाही.

शेवटच्या खेपेला त्यांनी चिकटवण्याचा नाद सोडला आणि आपल्या धंद्याची अक्कल वापरली. सायकलीची तार दोन्ही चाकांतून आरपार घातली आणि तिची टोकं ठोकून बसवली. त्यानंतर निरोप आला नाही. मी भेटलो की म्हणत, "पाह्यलं का, सहा महिने झाले. निरोप न्हाई, म्हंजे बराबर बसलं." असं म्हणत आणि तीर्थपुरीकडचा कुणी माणूस फाट्यावर उतरला की हातातली सायकल टाकून उठत. नुसतं जाऊन या म्हटलं तर म्हणत, "काम न्हाई तं कसं जावं? लेकीच्या घरी बापानं सारखं जानं बरं दिसत न्हाई." त्याच पावसाळ्यात ते वारले.

तेरावं झाल्यावर शोभाला पोचवायला मी तीर्थपुरीला गेलो. फळीवर गाडी होती. साडूभाऊंची आठवण काढता काढता, त्यांनी रुखवताचं काम का सोडलं तेही मी सांगून बसलो.

"काका," ती म्हणाली, "चाक आपोआप कधीच न्हाई निघालं. मी गरम पानी सोडून काढायची."

"अगं, पण का?"

"त्याबिगर दादा येतच नव्हते की. पुढच्या खेपेला सांगू, पुढच्या खेपेला सांगू, असंच मी म्हनत राह्यले. त्याहीनं काम सोडलं हे मला कुनी सांगितलंच न्हाई."

बापाची उशीर करायची खोड लेकीनं बरोबर उचलली होती. मला तिच्यावर रागावता येईना आणि तिची समजूतही घालता येईना.

तिनं गाडी फळीवरून काढून मांडीवर घेतली. "हे तार घातल्यावर बी लई ओढून पाह्यलं मी," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा तिनं ते चाक धरून ओढलं. चाक निघालं नाही. तिच्या बोटाखाली ते गरकन फिरलं तेवढं.