ढिगाऱ्यापर्यंतचा रस्ता

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. अंबाजोगाईच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, वर्गात आवाज खणखणीत लागतो, पण फोनवर माहेरचा नंबर दिसला की उचलायच्या आधी दोन-तीन घंटा वाजू देते. माहेर म्हणजे केज तालुक्यातली, डोंगराच्या पायथ्याची मेंढपाळांची छोटी वस्ती. माय तिथं एकटी राहते. डॉक्टरांनी तिला छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी दिलीय. माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणते, "तुज्या ग्यालरीत मेंढरं बांदू का?"

तिच्या छातीची मला इतकी धास्ती, कारण वडील तसेच गेले. पावसाळ्याचे दिवस होते. जीप डांबरी सडकेवर उभी राहिली, चिखलातून आत येईना. त्यांना बाजेवर घालून चौघांनी उचललं. सडक येण्याआधीच सगळं संपलं होतं. तेव्हापासून त्या वाटेवर मुरूम पडावा, एवढंच माझं वस्तीकडे मागणं होतं. पण दर सुगीला घराघरातून जी पट्टी जमायची तिचा मोठा घास मेंढरांच्या राखणीतच जायचा. मेंढरांना रात्री कोंडायची दोरीची जाळी, म्हणजे वाघूर, दर वर्षी दुरुस्त करावी लागे. कुत्र्यांचं खाणं, बॅटऱ्या, काठ्या हे वेगळंच. रस्त्याची पाळी कधी येतच नव्हती.

मग आमच्या भागात बिबट्या फिरायला लागला आणि आजूबाजूच्या तीन वस्त्या एक झाल्या. देवाचा भंडारा, म्हणजे हळद, उचलून शपथ घेतली. कुठल्याही वस्तीवर सुतळी बॉम्ब वाजला की बाकीच्या वस्त्यांच्या गड्यांनी हातातलं काम टाकून तिकडे धावायचं. तिन्हींतल्या थोरल्या वस्तीवर तरणी पोरं जास्त, कुत्रीही तिखट. म्हणून तिन्ही वस्त्यांची मेंढरं संध्याकाळी तिथं एका जागी कोंडायचं ठरलं. आमची वाघूरही तिकडेच गेली. घरी राहिल्या त्या फक्त आजारी आणि नुकत्या व्यालेल्या मेंढ्या. त्या मायने आपल्या अंगणात सांभाळायच्या.

राखणीचा खर्च वाटला गेला, पट्टीतले पैसे उरले, आणि खरोखर मुरूम येऊन पडला. सडकेपासून वस्तीच्या दिशेने रस्ता सरकू लागला. मी तर हुरळूनच गेले. कॉलेजात सरकारी खर्चाचा धडा चालू होता. एखादा देश इतर देशांबरोबर संरक्षणाचा करार करतो तेव्हा त्याच्या तिजोरीचं काय होतं, हे मी आमच्या वस्तीवरूनच शिकवलं. ओझं वाटलं जातं, वाचलेलं रस्त्याला, दवाखान्याला लावता येतं. मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "मॅडम, दुसऱ्याच्या भरवशावर खर्च कमी केला, आन् तो आलाच न्हाई तर?"

"करार असतो ना," मी म्हणाले आणि पुढे गेले.

संक्रांतीच्या सुट्टीत मी माहेरी होते. दिवेलागणीला थोरल्या वस्तीकडून बॉम्बचा आवाज आला. आमचे गडी काठ्या घेऊन पळाले. शपथच होती. आणि त्यांच्या मागोमाग वस्तीवरची दोन्ही कुत्री पळाली. मेंढपाळाचं कुत्रं धनी पळाला की मागे थांबत नाही, हे आमच्याकडे लेकराला ठाऊक असतं. तरी तिन्ही वस्त्यांच्या बैठकीत ते एकालाही सुचलं नव्हतं. बायकांनी दारं लावून घेतली. अंगणात मी, माय आणि त्या मेंढ्या.

थोड्या वेळानं मेंढ्यांनी रवंथ थांबवला. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली. वस्तीच्या अलीकडे, रस्ता जिथवर आला होता तिथं मुरमाचा ढीग टाकला होता, त्याच्या शेजारी बिबट्या उभा होता. मी दाराकडे वळले. माय घोंगडी पसरून मेंढ्यांपुढे गेली आणि हळूच म्हणाली, "पळू नको. बादली वाजीव." मी बादली बडवत राहिले. त्यानं मायच्या बाजूनं येऊन एक कोकरू उचललं आणि वस्तीमागच्या ओढ्यात उतरला.

माय खाली बसली. हात छातीवर. मी गोळी तिच्या जिभेखाली ठेवली, तेव्हा तिचे ओठ गार लागले. केजच्या जीपवाल्याला फोन केला. तो आला, पण ढिगाऱ्यापर्यंतच; पुढे नुसती धोंड्यांची पायवाट. तेवढ्यात तिची कळ ओसरली, म्हणून निभावलं. बिबट्यापेक्षा मला त्या उभ्या जीपच्या दिव्यांची भीती वाटली. वडिलांच्या वेळीही दिवे असेच लांबून दिसत होते.

गडी परत आले. थोरल्या वस्तीवर काहीच नव्हतं, तिथल्या कुत्र्यांनी रानमांजर झाडावर चढवलं होतं, त्यालाच बिबट्या समजून बॉम्ब लावला होता.

दुसऱ्या दिवशी वस्तीची बैठक बसली. माझे चुलते म्हणाले, "भंडारा मोडायचा न्हाई. पर आपलं आपुन बी बगायचं." म्हणजे सामायिक राखणीतला वाटा द्यायचाच, शिवाय आपली नवी वाघूर, आपली जास्तीची कुत्री, आपले दिवे. दोन्हीकडून खर्च. मग मुरमाचं काय, मी विचारलं. मुरूम पुढच्या सुगीला बघू म्हणाले. मी चिडले, आवाज चढवला, काका, मायला पुन्हा कळ आली तर कशी न्यायची, असं सगळ्यांसमोर विचारलं.

"पोरी, कावून तापतीस?" चुलते शांतपणे म्हणाले. "तुजी मायच वाचली न्हवं त्याच्या तोंडातनं? तिच्यासाठीच तर करतोय."

सगळ्यांनी माना हलवल्या. ते खोटं बोलत नव्हते आणि तेच मला सहन होत नव्हतं. माय भिंतीला टेकून ऐकत होती.

परवा पुन्हा गेले. जीपवाल्यानं ढिगाऱ्याशी गाडी थांबवली. "ताई, ह्याच्या म्होरं न्हाई येत गाडी," म्हणाला. ढिगाऱ्यावर आता गवत उगवलंय. तिथून चालत घरी पोचले. अंगणाला नवी वाघूर लागली होती, दोन नवी कुत्री माझ्यावर धावून आली. मायनं त्यांना दटावलं.

ती बाजेशी बसली होती. वडिलांना नेलं तीच बाज. जुनं सुंभ सोडून तिनं नवं विणायला घेतलं होतं आणि एकेक पीळ पायानं दाबून ताणत होती.

"माय, पलंग आणून दिलाय ना मी तुला? हिच्यावर कोण झोपणार?"

"झोपायला न्हाई," ती वर न बघता म्हणाली. "तुज्या बापाला नेताना मधी लई खचली व्हती. आता ढिगाऱ्यापत्तूरच न्यायचंय मला, पर तवर तरी टिकाय पायजे."

मी दुसऱ्या बाजूनं सुंभ धरलं आणि ती म्हणेल तसं ताणत राहिले.