बटन बंद होतं

आर्णीत उकंडाभाऊ वायरमन म्हटलं की लहान पोरही बोट धरून घरापर्यंत नेऊन सोडतं. तीस वर्षं हा माणूस गावाच्या भिंतींत तारा खुपसतो आहे. पन्नाशी उलटल्यावर त्याला रिमोटचं वेड लागलं. बोअरची मोटर, गिझर, खिडकीबाहेरचा पत्र्याचा मोठा कूलर, जे जे जास्त करंट ओढतं ते पलंगावरूनच चालू-बंद व्हावं, अशी पेटी तो भिंतीवर बसवून द्यायचा. रिमोट दाबला की आतली छोटी रिले, म्हणजे करंटनं पडणारा खटका, कॉन्टॅक्टर नावाच्या दणकट स्विचला ओढायची आणि तो एका झटक्यात दोन्ही तारा तोडायचा. काम चोख होतं, नाही कशाला म्हणा?

वामनरावांकडं मात्र घोडं अडलं. गुडघ्यानं अंथरुणाला खिळलेला तापट म्हातारा. कॉन्टॅक्टर घूं घूं करायला लागला की यांचं डोकं उठायचं. "हा भुंगा कायले आणून ठेवला माह्या उशाशी? काढ पहिले." उकंडानं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा भिडेला बळी पडला. कॉन्टॅक्टर काढून नुसती मोठी रिले बसवली. आवाज नाही, पण एकच तार तोडणारी. करंट आणणारी फेजची तार तिच्यातून नेली आणि मनाला सांगितलं, चालते. या 'चालते'नं आपल्याकडं किती घरं बुडवली, देव जाणे.

मे महिन्यात वावधन सुटलं, झाडं आडवी झाली, वामनरावांच्या गल्लीतल्या तारा तुटल्या. लाइनमनची वाट पाहत उकडत कोण बसेल? लोकांनी उकंडालाच खांबावर चढवलं. आमच्याकडं ही रीतच आहे. घाईघाईत वामनरावांच्या घराच्या दोन तारा त्यानं उलट्या जोडल्या. बल्ब लागले, पंखे फिरले, लोकांनी चहा पाजला. फेज कोणत्या तारेतून आली याचं बल्बला सोयरसुतक नसतं. पण पेटीतली रिले आता फेजऐवजी न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, तोडत होती. रिमोट दाबला की कूलर थांबायचा, करंट मात्र आत तसाच राहायचा.

चौथ्या दिवशी दुपारी वामनरावांची बायको मैनाबाई कूलरमध्ये पाणी टाकायला गेली. सून दिपालीनं रिमोट दाबला, कूलर थांबला. आत राहिलेला करंट ओलीतून पत्र्यात उतरला होता. मैनाबाईनं ओल्या पत्र्याला हात लावला आणि उभ्या उभ्या गेली.

मग सारं घर दिपालीवर तुटून पडलं. "तू बंद केलाच नाही," नवरा, अमर, म्हणाला. "मोबाइलमधे डोकं असंन तुहं." ती शपथा घेऊन थकली. तीन दिवस तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि कोणी विचारलंही नाही. अमरनं मुकुटबनला तिच्या बापाला फोन केला, तुमची पोरगी घेऊन जा.

त्याच दिवशी दुपारी उकंडा दुखवट्याला बसायला गेला. अमर म्हणाला, "भाऊ, त्या कूलरची तार काढून टाका. पाहवत नाही." उकंडानं रिमोटनं कूलर एकदा चालू करून पाहिला, मग बंद करून आत टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला. पुसून पुन्हा टेकवला, पुन्हा पेटला. खांबावर त्याचीच जोडणी होती. तो तार काढून मुकाट्यानं घरी आला.

बायकोनं, प्रभावतीनं, ऐकून कपाळाला हात लावला. "तोंडाले कुलूप लावा. पोलीस येतीन. कोणी उंबऱ्यात उभं करणार नाही तुमाले. अन् गेलेली बाई का वापस येते?"

"ते नाही येत. पण त्या पोरीचं काय?"

प्रभावतीनं दिवा बंद केला. रात्रभर दोघंही एकमेकांकडं पाठ करून जागी होती.

सकाळी तो गेला तेव्हा दिपालीची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. वामनराव पलंगावर, अमर उंबऱ्यात. उकंडा बसला नाही. "काकाजी, सूनबाईनं बटन बंद केलतं. चूक माही आहे. खांबावर तारा मीच उलट्या जोडल्या, अन् पेटीतला मोठा स्विच काढाले नको होता, तोबी मीच काढला."

अमरनं त्याची कॉलर धरली. उकंडानं धरू दिली. मार पडला असता तर त्याला बरंच वाटलं असतं. म्हाताऱ्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले.

दिपाली स्वयंपाकघरातून आली. तिनं फोन लावून उकंडापुढं धरला. "भाऊ, माह्या बाबाले सांगा. मले न्यायले निघालेत ते, बसमधे आहेत. आता सांगतलं तसंच सांगा."

उकंडानं फोन कानाला लावला. अमरच्या मुठीत कॉलर होतीच. "मी उकंडा, आर्णीचा वायरमन. तुमच्या पोरीनं बटन बंद केलतं. बाई माह्या चुकीनं गेली."

पलीकडं बसच्या घरघरीत बाप म्हणाला, "मले ते माहीतच होतं. तिच्या नवऱ्याले द्या फोन."

उकंडानं फोन पुढं केला. तो घ्यायला अमरला कॉलर सोडावी लागली.