निकालाच्या दिवशीची पंगत

आमचे हे गेले तेव्हा पेपरात छापून आलं होतं. तीन वेळा आमदार, त्याआधी पंचायत समितीचे सभापती, पहिला आणि शेवटचा असे दोन पराभव. फोटोखाली तेवढंच मावलं असेल. खोटं काहीच नाही त्यात. पण मला त्यांच्या निवडणुका तशा आठवत नाहीत. कोणत्या निकालाला भाताचा केवढा गंज चुलीवर चढवला आणि कोण जेवून गेलं, तसं आठवतं.

मी शाळेत गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. वाचायला शिकले ती लग्नपत्रिकांवर. आमदाराच्या घरी उन्हाळ्यात पत्रिकांचा ढीग पडतो, प्रत्येकीच्या कोपऱ्याला हळदीचं बोट. यांना सगळीकडे जाणं जमत नसे, मग माझी पाठवणी. निदान नवरीचं नाव तरी नीट घ्यावं म्हणून अक्षराला अक्षर जोडत बसायची. तेव्हा लिहिण्यात काही इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

तर ती पंगत. पहिल्या वेळी हे आमदारकीला उभे राहिले तेव्हा मतपेट्या होत्या. मोजणी दिवसभर चालायची, रात्रभर चालायची, कधी दुसरा दिवस उजाडायचा. मोजणीला बसलेल्या माणसांच्या पोटात चहाशिवाय काही नसायचं. मोहाची फुलं पडायचे दिवस होते. सकाळी मी टोपलीभर मोह वेचून अंगणात पसरत होते, तर फाट्यावरून जीप वळली. मागून दुसरी, मागून सायकली. हे उतरले आणि म्हणाले, "पडलो. भात टाक."

पडलेल्याच्या घरी एवढी माणसं येतात हे मी तेव्हा पाहिलं. अंगणात पळसाच्या पत्रावळी मांडल्या. माणसं रडत होती आणि जेवत होती. एक म्हातारा वरण भुरकता भुरकता म्हणाला, "भाऊ, पुढच्या खेपेले नाई आनलं तुमाले, त मिशी नाई ठेवत." त्याला मिशीच नव्हती. सगळे हसले. यांनी स्वतः हातात परात घेतली, प्रत्येकाच्या पानावर भाताची पहिली मूद आपल्या हातानं वाढली आणि मग त्यांच्याच ओळीत बसले. तेव्हापासून तो नेमच पडला. निकालाच्या दिवशी पंगत बसल्याशिवाय हे घास घ्यायचे नाहीत. काय वाटेल ते होवो.

पुढच्या खेपेला निवडून आले. मग आणखी दोनदा आले. तेव्हाच्या पंगती काय सांगू! गुलालानं भात गुलाबी व्हायचा. स्वयंपाकाला माझ्या जोडीला बौद्धवाड्यातली माझी मैत्रीण असायची. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात नवऱ्या होऊन आलो. ती बोलायला तिखट, हाताला गोड. एवढ्या भाताला पाणी किती लागेल, ते गंजावर नुसती नजर टाकून सांगायची.

त्या वर्षांत घर भरलेलं असायचं. फाटकाला कडीच नव्हती, लावायची वेळच यायची नाही. हे कधी मुंबईला, कधी नागपूरच्या अधिवेशनाला, कधी तिकडं कुरखेड्याकडे कुणाच्या कार्यक्रमाला. फोन वाजला की मी धावायची, आणि तिकडून आवाज यायचा, "साहेब आहेत का?" लोक मला आमदारीणबाई म्हणायला लागले. माझं माहेरचं नाव घेणारी ती एक मैत्रीणच उरली होती. एकदा मला थंडी वाजून ताप भरला. मी आतल्या खोलीत गोधडी घेऊन पडले होते. बाहेर बैठकीत माणसंच माणसं. कुणीतरी दारात येऊन म्हणालं, "बाई, चार कप." मी उठले आणि चहा ठेवला. त्याचाही दोष नाही. अंधारात त्याला माझं तोंड थोडंच दिसलं असेल!

मग पक्षानं तिकीट दुसऱ्याला दिलं. एकदा दिलं, दुसऱ्यांदाही त्यालाच. माणसं एकदम कमी झाली नाहीत. गावतळ्याचं पाणी उतरतं तशी उतरली, रोज पाहणाऱ्याला कळत नाही. एक दिवस बघते तर शेजारच्या शेळ्या अंगणात शिरून कोथिंबीर खाऊन राहिल्या. यांनी सुताराला बोलावलं आणि फाटकाला कडी बसवली.

त्यानंतर पाच वर्षांनी यांच्या मनानं घेतलं. अपक्ष उभा राहतो म्हणाले. मुलगा पुण्याहून फोनवर नको नको म्हणत राहिला. मुलगी नागभीडला दिली आहे, ती येऊन पाया पडून गेली. "बाबा, आता वय काय तुमचं!" हे ऐकतात होय! चिन्ह मिळालं कपबशी. यांना आनंद झाला. म्हणाले, "आपल्या घरी कोन चहा नाई पेला? सांगा!"

निकालाच्या दिवशी धान कापणी जोरात होती. मी पहाटेच मोठा गंज काढला, घासला. मैत्रीण गुडघे धरत धरत आली. तिचा मुलगा त्या वर्षी समोरच्याच्या प्रचारात होता, भोंगा लावून फिरत होता. मी म्हटलं, "तू कायले आली? पोरगा तिकडं, माय इकडं?"

"त्याचं तो पाहीन," ती म्हणाली. "मी त भाताले आली. तुह्या हातचा भात गोळा होते, एवढ्या वर्साचा अनुभव हाय मले."

दोघींनी गंज भरून भात टाकला. लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी. पूर्वीच्या अंदाजानं, संध्याकाळपर्यंत माणसं येतील म्हणून. आता मतदानाचं मशीन आलं आहे, मोजणी दुपारच्या आत आटपते, कुणी उपाशी राहत नाही, ज्याला खायचं तो तिथंच वडापाव खातो, हे आमच्या दोघींच्या डोक्यातच आलं नाही. यांच्याही आलं नाही.

भाताला वाफ धरते न धरते तोच हे परत आले. मोटरसायकलवर मागं बसून. सोडायला आलेला माणूस पाणीही न पिता निघून गेला. हे पडले, ते चेहऱ्यावर दिसतच होतं. अनामतही गेली, हे नंतर कळलं. यांनी हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला, ओसरीवर खुर्ची फाट्याकडे तोंड करून ठेवली आणि बसले.

"पत्रावळी काढून ठेव," एवढंच म्हणाले.

फाट्यावरून डीजेचा आवाज आला. फटाके. गाड्यांमागून गाड्या. दर गाडीला यांची मान थोडी वर व्हायची. एकही वळली नाही. एका ट्रॅक्टरवरून कुणीतरी ओरडलं, "कपबशी फुटलीऽऽ!" आणि हशा उठला. हे फाट्याकडेच बघत राहिले.

मी ताट वाढून नेलं. "दोन घास खाऊन घ्या."

"पंगत बसू दे."

"सकाळपासून पोटात काही नाई. गोळी घ्याची हाय ना शुगरची?"

"येतीन. मिरवणूक आटोपली का येतीन. घाई काऊन करतं?"

मैत्रीण पुढं झाली. "आमी दोघी बसतो ना जी तुमच्या बाजूनं. झाली पंगत."

"तुमी घरच्या," हे म्हणाले. "घरच्याची पंगत होते का?"

ताट परत आत नेलं. उन्हं कलायला लागली. यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, तो थरथरत होता. शुगर उतरली की तसा थरथरतो, मला माहीत होतं. हार-जीत गेली खड्ड्यात, मला एवढंच पाहिजे होतं की या माणसानं दोन घास खावेत. आणि गावात तर सगळी घरं बंद. अर्धी माणसं धान कापायला बांध्यांत, अर्धी गुलालात. ज्यांना हाक मारली असती ते लाजेनं आले नसते, नाहीतर दयेनं आले असते. दयेनं आलेलं यांना लगेच कळतं. एवढी वर्षं माणसांतच काढली त्यांनी.

मैत्रीण चुलीपाशी बसून विचार करत होती. मग म्हणाली, "पंगतच पाह्यजे ना त्याईले? मंग पंगत आनू. ऊठ."

गावाला लागूनच एकाची धानाची बांधी होती. मालक मिरवणुकीत नाचायला गेला होता, पण कापणीच्या बाया कामावर होत्या. खाली वाकून, विळे चालवत. आम्ही दोघी म्हाताऱ्या बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभ्या राहिलो. मी हाक मारली, "अवं बायांनो, जेवाले चाला आमच्या घरी."

त्या उभ्या राहून बघायलाच लागल्या. त्यांतली एक पोक्त बाई म्हणाली, "काऊन जी? लगन हाय का?"

"नाई. निकाल हाय."

"कायचा निकाल?"

मैत्रीण मध्येच म्हणाली, "खाली पेट हाय का भरलं पेट, ते सांगा पयले."

"सकाळची पेज पेऊन हावो बाई," ती पोक्त बाई म्हणाली. "पन एवढी पात सोडून नाई येत. मालक बोंबलते."

"मालक नाचून राह्यला तिकडं," मैत्रीण म्हणाली. "त्याले काई दिसत नाई आज."

तेव्हा त्या हसल्या. पण पात संपवूनच निघाल्या. विळे कमरेला खोचलेले, पायाला चिखल, डोक्यावर धानाचा भुसा. फाटकाची कडी मी काढून ठेवली होती. त्या आत आल्या आणि हे खुर्चीतून उठले. आपल्या पायांनी, कुणाचा हात न धरता.

"या या, बसा," यांचा आवाज एकदम पूर्वीचा. "हातपाय धुवा, तिथी बालटी हाय."

पत्रावळी मांडल्या. यांनी परात घेतली. मैत्रीण मागून हळूच परातीला हात लावून चालत होती, हे पडू नयेत म्हणून. प्रत्येकीच्या पानावर पहिली मूद. प्रत्येकीला विचारायचे, "कोनत्या गावची? पोरं किती? रस्ता झाला का तुमच्याकडं?" सवयच ती. त्या बाया एकमेकींकडे बघत उत्तर देत होत्या. शेवटी त्या पोक्त बाईपाशी येऊन यांनी विचारलंच.

"मत कोनाले देल्लं, बाई?"

ती तोंडातला घास गिळून म्हणाली, "आमचं मत इथी कुठी जी? आमी कुरखेड्याकडचे. कापाले आलो. तुमी उभे होते का?"

"होतो," हे म्हणाले.

"मंग? आले का?"

"नाई आलो."

"अरे बापा," ती म्हणाली आणि आपलं पान जरा सरकवून शेजारी जागा केली. "बसा मंग. भात थंडा होऊन राह्यला."

हे बसले. मांडी घालता येत नव्हती, एक पाय लांब करून बसले. आणि जेवले. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. जेवता जेवता मधेच हसू आलं त्यांना, एकटेच हसले. मी आतल्या दाराआड उभी राहून पदरानं तोंड पुसत होते. उरलेला भात त्या बायांनी आपल्या डब्यांत, पदरात नेला. मैत्रीण म्हणाली, "पाह्य, एक शीत नाई उरलं. अंदाज माहाच बरोबर होता."

त्यानंतर हे फार वर्षं राहिले नाहीत. एकदा शिवरात्रीच्या जत्रेला आम्ही मार्कंड्याला गेलो. पूर्वी जायचे तेव्हा पोलीस वाट करून द्यायचे. या वेळी रांगेत उभे राहिलो. वैनगंगेच्या वाळूत यांचे पाय रुतायचे म्हणून माझा हात धरला. दर्शन होऊन परत गाडीपाशी येईपर्यंत सोडला नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, चारचौघांत माझा हात त्यांनी तेव्हा पहिल्यांदा धरला. कुणी ओळखलं नाही आम्हांला. मला बरं वाटलं. त्यांना कसं वाटलं, ते मी विचारलं नाही.

गेले तेव्हा गाड्या आल्या होत्या. फाट्यापर्यंत रांग होती. भाषणं झाली. तेरवीनंतर फाटकाची कडी मीच लावली.

मैत्रिणीला तिची मुलगी चंद्रपूरला घेऊन गेली. फोन करते कधीमधी, पण तिला ऐकू कमी येतं. ती आपलंच बोलते, मी आपलंच.

यंदाच्या निकालाला मी सकाळपासून ओसरीवर होते. कोण उभं आहे तेही मला धड ठाऊक नव्हतं. तरी हात चालतात. वाटीभर तांदूळ घ्यायचे, तर दोन मोठी मापं घेऊन मोकळी झाले. भात झाला तेव्हा लक्षात आलं की खाणार कोण? डबा बांधला आणि बांधीकडे गेले. म्हटलं, कापणीच्या बाया असतील.

बाया नव्हत्या. धान कापायचं मशीन आलेलं. पूर्वी दहा जणींचं दिवसभराचं काम, ते फेरा मारून वळत होतं आणि दाणे काढून मागं नुसतं तणस टाकत होतं. वर काचेच्या खोलीत एकटा पगडीवाला माणूस. मी धुऱ्यावर उभी राहून डबा वर करून दाखवला. त्यानं मशीन थांबवलं, खाली उतरला. हिंदीत बोलला. चार महिने झाले, घर सोडून फिरून राहिला आहे म्हणाला. आम्ही धुऱ्यावरच बसलो. मी त्याला पहिली मूद वाढली. मग माझ्यासाठी झाकणात भात घेतला.

त्यानं भुकेजल्यासारखा खाल्ला. फाट्यावर फटाके वाजत होते. कोण जिंकलं, हे त्यानंही विचारलं नाही आणि मीही नाही.

हात धुताना तो म्हणाला, "माताजी, घर में और कौन कौन है?"

मी डब्याचं झाकण लावत होते. ते नीट बसत नव्हतं.

"लोग हैं," मी म्हटलं. "आते जाते रहते हैं."

तो बरं म्हणाला आणि वर चढला. मशीन सुरू झालं. राहिलेली बांधी त्यानं माझ्या देखत संपवली आणि रस्त्याला लागला.