आजोबांचा सपाट सूर

मंडळी, मी टोरांटोच्या ज्या नर्सिंग होममध्ये काम करतो, तिथले हाँगकाँगचे आजोबा गिटारला ‘गित-ता’ म्हणायचे. ‘गित’ खालच्या सुरात, ‘ता’ उंच. इंग्रजी शब्दात जोर जिथे पडतो तिथे कँटोनीजमध्ये सूर चढतो, आणि सूर चुकला की शब्दच बदलतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

स्ट्रोकनंतर आज ते पहिल्यांदा बोलले. भिंतीवरच्या गिटारकडे पाहून ‘गित-ता’ म्हणाले, पण दोन्ही अक्षरं एकाच सपाट सुरात.

“आजोबा बोलले,” मी शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, आजींना, म्हणालो.

“तू गिटारकडे बघत होतास, म्हणून तुला कळलं,” त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून त्यांनी आजोबांना पुन्हा म्हणायला लावलं, आणि शब्द न कळल्यासारखी नकारार्थी मान हलवली.

उद्या त्यांच्या मुलाचा व्हँकूव्हरहून फोन येईल. आजी म्हणतात, तूच घे. ‘बाबा बोलले’ असं सांगू का त्याला?