मागण्यांवर शिजलेला भात

पूर ओसरला तेव्हा बिरवाडीत सगळं एकाच रंगाचं झालं होतं. भिंती, म्हशी, माणसं, देव्हारे. पाणी चढल्याची रेघ घराघरावर एकसारखी ओढलेली. चिखलात पावलांचा आवाजही उमटत नसे. आपण अजून नदीच्या तळाशीच चालतोय, असं वाटायचं.

मदतीच्या गाड्या आल्या. गाडीपेक्षा बॅनर मोठा. साडी देताना फोटो, फोटो हलला तर बाईला पुन्हा उभं करून फोटो. ही मदत नाही, जाहिरात आहे, असं मी पत्रकात छापलं. आजही शब्द मागे घेत नाही. पत्रकातली पहिली मागणी होती, शेतीची भरपाई, आत्ता.

माझ्या काकीची लावणी वाहून गेली होती. त्या आठवड्यात शेत पुन्हा लागलं नसतं तर वर्षाचा भात गेला असता. आणि आवण, म्हणजे भाताची रोपं, आमच्याकडे कुणाचंच उरलं नव्हतं.

एका सकाळी वर डोंगराकडच्या उमरठच्या बाजूने टेम्पो आला. मातकट रस्त्यावरून हिरवं शेतच तरंगत येतंय, असं मला दिसलं. वरच्या गावांत उरलेलं आवण विकत नाहीत. ज्याचं गेलं त्याला देतात. रोपांमध्ये बायका बसलेल्या. लावूनच जाणार होत्या.

काकीने त्यांना बांधावर अडवलं. "उतरू नका. घरात दाना कोरडा नाय. लावनीच्या मानसांना उपाशी ठेवून माजं शेत कदी लागलं नाय."

मी भडकले. "काकी, वेळ काय, तुझं चाललंय काय!"

"तू गप गो. तुज्या कागदानं कुनाचं पोट भरलंय?"

टेम्पोतल्या म्हातारीने तांदळाचं गाठोडं काढून पडवीत ठेवलं. "आमचे हात चिखलात जानार. मग रांधनार कोन? तूच घाल शिजवून."

काकीने गाठोडं उचललं. मग पदर खोचून चुलीकडे वळली. लाकडं ओली, काही केल्या धरेनात. अख्ख्या घरात कोरडं एकच होतं, माझ्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पत्रकं.

"आन हिकडं."

मागण्या छान जळल्या. धूर कौलांतून निघून शेतावर उतरला. त्या धुरात वाकलेल्या बायका मागे मागे सरकत होत्या आणि त्यांच्यासमोर शेत हिरवं होत होतं.

दुपारी काकीने प्रत्येकीला आपल्या हाताने वाढलं. सगळ्यांत शेवटी मला.

"किती मुठी लावल्यास?"

"एकपन नाय."

"मग जेव लवकर. नदीकडचा तुकडा तुजा."

दिवस मावळायच्या आत तोही लागला. पत्रकं मी पुन्हा छापली. पहिली मागणी तीच ठेवली.